ताशा कुणाचा?

घड्याळाचा गजर, मशिदीचा भोंगा आणि मोबाइल येण्याआधी रमजानमध्ये सहरीला उठवायला माणूस लागत असे. कैरोत त्याला मुसहराती म्हणतात. इस्तंबूलच्या गल्ल्यांत तो आजही दावूल नावाचा ढोल वाजवत फिरतो. आपल्याकडे डफ किंवा नुसता पत्र्याचा डबा घेतलेली दोन-चार पोरे नज्म म्हणत मोहल्ल्यातून जायची. ईदच्या दिवशी मिळणारी ईदी आणि शीरखुर्म्याची वाटी हीच त्यांची बिदागी. पोटासाठी नव्हे, गावासाठी वाजवायचे, ही रीत आपल्या खेड्यांना नवी नाही. तिचेच मोठे भावंड म्हणजे गावचे हौशी ढोल-ताशा पथक. आज त्याबद्दल लिहायचे कारण असे, की अलीकडे वाद्यांचीही ‘आमची’ आणि ‘तुमची’ अशी वाटणी सुरू झाली आहे. या वाटणीला इतिहासाचा आधार नाही.

आधी शब्द पाहू. नगारा म्हणजे अरबीतला नक्कारा. नौबत हाही अरबी शब्द, मूळ अर्थ पाळी. डफ म्हणजे दफ. लेझीम म्हणजे फारसीतली लेझम, तारेऐवजी लोखंडी साखळी लावलेले कसरतीचे धनुष्य. तालमीतल्या मेहनतीचे ते साधन होते, आपण त्याचे नृत्य केले. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले तेव्हा सांगली जिल्ह्यातली लेझीम तिथे गेली, ती महाराष्ट्राची ओळख म्हणून. ताशाही त्याच वाटेने आला. अरबी-फारसीत ‘तास’ म्हणजे वाडगे, आणि ताशाचा आकार नेमका तसाच. मंदिराच्या दारात नगारखाना असतो, त्या शब्दाचे दोन्ही तुकडे बाहेरून आलेले. उलट दर्ग्याच्या संदलपुढे हलगी कडाडते, ती इथल्या मातीतली. कुणी कुणाचे चोरले नाही. एकाच चावडीसमोर राहणाऱ्यांनी एकमेकांचे उचलले.

ताशा गावोगाव रुजला त्यात मोहरमचा वाटा मोठा आहे. पंजे आणि ताबुतांपुढे ताशा वाजे, आणि वाजवणाऱ्यांत हिंदू पोरे असत. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातही हेच चित्र होते. १८९३ साली मुंबईत दंगल झाली आणि १८९४ मध्ये पुण्यात मोहरमवर बहिष्काराची हाक दिली गेली. त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव वाढला. मिरवणूक बदलली, देव बदलला; ताशा तोच राहिला. शहरात ही ताटातूट झाली तरी खेड्यांत ती पुरती झाली नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुस्लीम मिळून उभे करतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो नुसता गोडवा होईल. गावगाड्यात वाजवणे ही बहुतेकदा हौस नव्हती, जातीवर लादलेले काम होते. हलगी कुणी वाजवायची, संबळ कुणी, नगारा कुणी, हे जन्माने ठरे. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेक गावांत दलितांनी असे वाजवणे नाकारले, ते योग्यच होते. हौशी पथकाचे मोल इथे कळते. तिथे शेतकऱ्याचा पोरगा, सुताराचा, मुलाण्याचा, सगळे आपण होऊन गळ्यात पट्टा अडकवतात. जे काम हलके मानले गेले ते सर्वांनी मिळून केले, की त्यातला हलकेपणा जातो.

ताशा किती दूर गेला ते पाहा. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले. तिथल्या उसाच्या मळ्यांवर मोहरम ‘होसे’ या नावाने रुजला. १८८४ मध्ये वसाहतीच्या पोलिसांनी त्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. मिरवणुकीत हिंदू मजूरही मोठ्या संख्येने होते. आज तोच ‘तासा’ तिथे हिंदूंच्या लग्नांत वाजतो. वाजवणारे आजही चामडे जाळावर धरून तापवतात. तालांच्या प्रकारांना ते ‘हँड’, म्हणजे हात म्हणतात.

आमच्यातले काहीजण विचारतील, वाद्य जायज आहे का? मोहरमचा ताशा बिदअत नाही का? हा मतभेद जुना आहे आणि फतवा देणे माझे काम नाही. ज्याला वाजवायचे नाही त्याने वाजवू नये. पण आपल्या आजोबांनी वाजवला, हे नाकारायचे कशाला? आणि ज्यांना ताशा केवळ आपल्याच मिरवणुकीचा वाटतो, त्यांनी मशिदीपुढे तो मुद्दाम घुमवण्याआधी त्याच्या नावाचा अर्थ एकदा विचारावा.

खरा धोका वेगळाच आहे. डीजेच्या भिंतीपुढे गावचे पथक टिकत नाही. शहरांत ढोल-ताशा जोरात आहे. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी शिकलेल्या मुला-मुलींच्या हाती ढोल दिला, हे चांगलेच झाले. पण शहर ज्या खेड्यांकडून शिकले, तिथले जुने ताशेवाले एकेक करून जात आहेत. त्यांच्या तालांची नावे, बोल, कोणत्या वळणावर काय वाजवायचे, यातले फारच थोडे कागदावर आले आहे.

हे काम महाविद्यालयांनी घ्यावे. मराठीच्या आणि उर्दूच्या विद्यार्थ्यांनी जोडीने गावी जावे, कारण निम्मे शब्द एकाला कळतील आणि निम्मे दुसऱ्याला. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हाताऱ्या ताशेवाल्यापुढे तो ठेवावा आणि विचारावे, चाचा, तुम्हाला हा हात कुणी शिकवला? उत्तरात येणारे नाव बहुधा दुसऱ्या धर्माचे किंवा दुसऱ्या जातीचे असेल. ते नाव लिहून ठेवावे. तो म्हातारा आहे तोवरच ते मिळणार आहे.