कादंबरी आणि केटी

"कादंबऱ्या वाचून कुणाला प्लेसमेंट मिळालीय का गं?"

एम-थ्रीत माझी केटी लागली तेव्हा रूममेटने विचारलेला हा प्रश्न. तिचं काही चुकलं नव्हतं. पेपरच्या आदल्या आठवड्यात माझ्या उशाशी 'कोसला' होतं, हे अख्ख्या विंगला माहीत होतं. केटी माझ्या आळसामुळे लागली, नेमाड्यांमुळे नाही, हे आधीच कबूल करते. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देते.

माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी पुस्तक हातात घेतलं की दर जोडाक्षराला गाडी अडायची. त्यातून जुनं पुस्तक म्हणजे बोजडच असणार, असा पक्का समज. तो मोडला लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालं. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. नवरा धर्मांतर करतो, संसार उधळतो, आणि हे सगळं त्या ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं तसं सांगतात. मधेच स्वतःलाच हसतात. शंभर मार्कांच्या मराठीच्या पेपरने मला जी भाषा दिली नाही, ती या पुस्तकाने दिली.

मग 'कोसला'. १९६३ साली ते आलं तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. म्हणजे आपल्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे! खेड्यातून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर होस्टेलवर राहतो, मेसचा सेक्रेटरी होतो आणि त्यात चांगलाच गोत्यात येतो. आपल्या मेसच्या बिलावरून दर महिन्याला जी भांडणं होतात, ती ऐकताना मला हटकून तो आठवतो. घरून आलेले पैसे आणि घरच्यांच्या अपेक्षा या दोन्हींचं ओझं काय असतं, हे आपण एकमेकींना कधी सांगत नाही. पुस्तकात ते सापडलं, तेव्हा जरा हलकं वाटलं.

आता खास इंजिनिअरांसाठी. प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग' वाचलंय का? विश्वनाथ नावाचा तरुण सिव्हिल इंजिनिअर हिमालयात बॉर्डर रोड्सच्या कामावर जातो. उभ्या कड्यातून रस्ता काढायचा आहे. वरून आलेला हुकूम एक सांगतो, त्याची स्वतःची बुद्धी दुसरंच सांगते, आणि मधे मजुरांचे जीव आहेत. ही झाली कल्पित गोष्ट.

याच्या शेजारी एक खरी गोष्ट ठेवा. २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. रबरी ओ-रिंग थंडीत कडक होतील, असं काही इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच बजावलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. चौकशी समितीतल्या रिचर्ड फाइनमनने ओ-रिंगचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर ते दाखवलं. पुढे त्याने ही हकीकत पुस्तकातही लिहिली.

फाइनमन वाचला की काय चुकलं ते कळतं. 'रारंगढांग' वाचलं की त्या आदल्या रात्री "नाही" म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात काय होत असेल, तेही कळतं. मला दोन्ही हवंय. सिमेंट किती लागेल हे आपण सिलॅबसमध्ये शिकतो. पण साहेब चुकीच्या कागदावर सही कर म्हणाला तर काय करायचं, हा प्रश्न कुठल्याच युनिटमध्ये नाही. नोकरीत तो पहिल्याच वर्षी येऊ शकतो.

प्लेसमेंट मिळते का? नाही मिळत. वाचनाने पर्सनॅलिटी डेव्हलप होते वगैरेही मी म्हणणार नाही. पण नोकरी लागल्यावर आपण कसले इंजिनिअर होणार, हे थोडंफार तरी यावर ठरतं, असं मला मनापासून वाटतं.

आता एक विनंती. कॉमन रूममध्ये पुस्तकांचं एक कपाट आहे आणि त्याला कायम कुलूप असतं. कारण काय, तर पुस्तकं हरवतात. रेक्टर मॅडम, हरवलेलं पुस्तक निदान कुणीतरी वाचलेलं तरी असतं. किल्ली आम्हा मुलींकडे द्या. वही घालून नोंदी ठेवायचं काम मी करीन. सर-मॅडम मंडळींनी घरातलं एकेक पुस्तक त्यात आणून ठेवलं तर सोन्याहून पिवळं.

आणि रूममेट, एम-थ्री सुटला बरं का! आता 'कोसला' तुझ्या उशाशी ठेवतेय. पेपर झाल्यावर वाच.