श्रीसूक्तातील अलक्ष्मी

पुण्याच्या कसबा पेठेत, ग्रामदैवत श्रीकसबा गणपतीच्या सान्निध्यात, अथर्वशीर्षापाठोपाठ श्रीसूक्त म्हणण्याचा परिपाठ अनेक वडीलधाऱ्यांनी जपला आहे. घरात लक्ष्मी नांदावी, मुलाबाळांचे कल्याण व्हावे, हा त्यामागील भाव. त्या भावाचा आदर राखूनच एक गोष्ट आपल्यापुढे मांडावीशी वाटते.

श्रीसूक्ताच्या पंधरा ऋचांत सोने, गायी, घोडे मागितले आहेत. तशीच अलक्ष्मी दूर व्हावी, अशीही प्रार्थना आहे. ही अलक्ष्मी कशी? भूक, तहान आणि मळ हे तिचे रूप. मग पाठ पुरा होईपर्यंत पाण्याचा घोटही न घेणारे आजोबा नकळत तिलाच थांबवून ठेवत नाहीत काय?

मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेऊन न्याहारी लांबवली, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही तिची लक्षणे. म्हणून न्याहारी आधी करावी, अथवा औषधाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. आसनाशेजारी तांब्याभांडे असू द्यावे. ज्यांना पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी ते प्रमाण पाळावे. मांडी घालणे जड जात असेल, तर खुर्चीवर बसावे आणि उठताना क्षणभर थांबून आधार घ्यावा.

संथ पठणाचा लाभ मात्र खरा आहे. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लयीत जप करताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होते, असे २३ निरोगी व्यक्तींमध्ये आढळले. म्हणून आवर्तनांची संख्या गाठण्याची घाई नको. अर्थात, रक्तदाबाच्या गोळीची जागा जप घेत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, विस्मरण जडलेल्या आईला आजची तारीख आठवत नसली, तरी बालपणी पाठ केलेले स्तोत्र पुष्कळदा ओठांवर येते. तिच्याबरोबर म्हणा, चुकले तर दुरुस्त करू नका.

आणखी एक सावधगिरी. धनप्राप्तीचे ‘सिद्ध’ यंत्र वा मंत्र विकणारा दूरध्वनी आला, तर तो खाली ठेवावा. अलौकिक शक्तीचा दावा करून अशी यंत्रे विकणाऱ्या जाहिराती बेकायदेशीर आहेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला आहे. ऑनलाइन फसवणूक झाल्यास संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. घरच्यांनीही वडीलधाऱ्यांना बोल लावू नये. लाजेपायी तक्रार लांबते आणि पैसे परत मिळण्याची शक्यता मावळते.

श्रीसूक्ताच्या फलश्रुतीत क्रोध, मत्सर आणि लोभ नाहीसे होतात, असे सांगितले आहे. उद्या सकाळी पाठाला बसण्यापूर्वी चार घास खावेत, घोटभर पाणी प्यावे. अलक्ष्मी तेथूनच मागे फिरते.