आळस की अंकुशकृमी?



‘जगात इतकी माणसे गरीब का?’ हा प्रश्न मी वर्गात अनेकदा विचारला आहे. उत्तरे ठरलेली असतात. लोकसंख्या, अज्ञान, व्यसने. आणि मागच्या बाकावरून हटकून येणारे एक उत्तर म्हणजे, ‘सर, गरीब लोक आळशी असतात.’ बिचारा ते घरी ऐकून आलेला असतो, त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढ्यावरून त्यांतली कारण कोणती आणि परिणाम कोणता हे ठरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा हे विधानही तपासून पाहायला हवे.

ते एकदा खरोखरच तपासले गेले, आणि तेही अमेरिकेसारख्या देशात.

यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि दक्षिणेकडील राज्यांतली गुलामगिरी कायद्याने गेली. जमीन मात्र थोड्यांच्याच हाती राहिली. काळे आणि गोरे, दोन्ही वर्णांचे हजारो शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवीत. बियाणे उधार, किराणा उधार. हंगामाच्या शेवटी कापूस विकला की उधारी फिटे, कधी तीही फिटत नसे. या लोकांविषयी प्रवाशांनी लिहून ठेवलेली वर्णने सगळी एकाच छापाची आहेत. पिवळट चेहरा, निस्तेज डोळे, हडकुळे हातपाय आणि पुढे आलेले पोट. थोडे काम केले की धापा टाकीत सावलीत बसणारा माणूस. त्यांतले काही माती खात, म्हणून त्यांना ‘मातीखाऊ’ असे हिणवीत. त्यांचे रक्तच तसले, असे म्हणून शहाणी माणसे मोकळी होत.

रक्ताचा दोष होता खरा, पण निराळ्या अर्थाने!

चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने १९०२ साली या भागातल्या माणसांच्या आतड्यांत राहणाऱ्या एका अंकुशकृमीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने त्याला ‘नेकेटर अमेरिकानस’ म्हणजे ‘अमेरिकी मारेकरी’ असे नाव दिले. या लोकांचा ‘आळस’ म्हणजे याच कृमीने आणलेला पंडुरोग आहे, असे त्याचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांना आयतीच मौज मिळाली. ‘आळसाचा जंतू’ म्हणून त्यांनी त्याची यथेच्छ थट्टा केली.

हा कृमी जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा. त्याची मादी रोज हजारो अंडी घालते. ती विष्ठेतून बाहेर पडतात आणि उबदार, ओलसर, सावलीच्या मातीत उबतात. अनवाणी माणसाचा पाय पडला की अळी बोटांच्या बेचक्यांतली त्वचा भेदून आत शिरते. तेथे खाज सुटते, एवढीच तिची वर्दी. मग रक्तातून फुप्फुसात, तेथून श्वासनलिकेतून वर घशाशी, गिळली गेली की लहान आतड्यात, असा तिचा प्रवास. आतड्याच्या अस्तराला चिकटून ती पुढे वर्षानुवर्षे रक्त पिते.

आता थोडे गणित करा. एका नेकेटरपायी रोज सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त जाते. म्हणजे काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण पोटात असे २०० कृमी असले, तर दिवसाला ६ मिलिलिटर आणि दोन महिन्यांत ३६० मिलिलिटर! रक्तपेढीत एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात. म्हणजे हा शेतकरी दर दोन महिन्यांनी एक रक्तदान करीत होता, तेही मक्याच्या पिठावर आणि खारवलेल्या डुकराच्या चरबीवर दिवस काढून. वाया गेलेल्यापैकी काही लोह आतडे परत शोषून घेते हे खरे, पण अशा आहारात उरलेली तूट भरून यायची कशी? अशा माणसाला चढ चढून जाताना धाप लागली, तर तिला आळस म्हणायचे का?

१९०९ साली जॉन रॉकफेलर या धनाढ्य तेलसम्राटाने या रोगाच्या निर्मूलनासाठी १० लाख डॉलर दिले. (त्याला जोड्यांचा धंदा काढायचा आहे, म्हणून हा खटाटोप, अशीही अफवा उठली होती!) त्यातून नेमलेल्या आयोगाने १९१४ पर्यंत ११ राज्यांत काम केले. तपासलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना कृमींची लागण झालेली आढळली. जवळजवळ ७ लाख लोकांना औषध देण्यात आले. हे औषध म्हणजे थायमॉल, आणि त्यावर रेचक. आपल्या ओव्याला वास येतो तो याच थायमॉलचा. (तेव्हाची मात्रा मोठी आणि धोक्याची होती, घरी प्रयोग नको.)

पुढे काय झाले? होईट ब्लीकली या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली जुन्या जनगणनांचे आकडे पडताळून पाहिले. जेथे लागण अधिक होती तेथेच, मोहिमेनंतर, मुलांची शाळेतली हजेरी आणि साक्षरता अधिक वाढली; ती मुले मोठेपणी कमावूही अधिक लागली. माणसे तीच, वंश तोच. मग ‘रक्तातला’ आळस गेला कोठे?

येथे थांबलो तर लेख छान संपेल, पण ते खरे होणार नाही. हा कृमी माणसाच्या पोटात आपली संख्या वाढवीत नाही. पोटातला प्रत्येक कृमी मातीतूनच आलेला असतो. तेव्हा औषधाने पोट साफ झाले, तरी अनवाणी पाय आणि संडास नसलेले घर यांमुळे काही महिन्यांत लागण पुन्हा होते. मग त्या शेतकऱ्याने संडास का बांधला नाही? झोपडी मालकाची, जमीन मालकाची, पुढल्या वर्षी तेथे राहू देतील की नाही याची शाश्वती नाही. दुसऱ्याच्या जमिनीत स्वतःच्या पदरचे लाकूड कोण घालील? मालकाला तर त्याची गरजच वाटत नव्हती. आणि ज्याची उधारी फिटत नाही, तो मुलांना जोडे कोठून घेणार? कृमीमुळे अशक्तपणा, अशक्तपणामुळे कमी पीक, त्यामुळे कर्ज, कर्जामुळे अनवाणी पाय आणि त्यामुळे पुन्हा कृमी. स्टाइल्सला सूक्ष्मदर्शकातून या साखळीची एक कडी दिसली. व्याजाचा दर आणि जमिनीची मालकी त्यातून दिसत नाहीत.

म्हणूनच ‘गोळ्या वाटा, गरिबी हटेल’ असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. आणि ‘आधी समाजव्यवस्था बदला, गोळ्यांनी काय होणार’ म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही. तोवर ते मूल रोज रक्त गमावीतच असते. केनियातल्या शाळांत जंतनाशक गोळ्यांमुळे गैरहजेरी घटली, असा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. २०१५ साली इतर संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि निष्कर्षांवर जोराचा वाद झाला. असे वाद व्हायलाच हवेत. पण गोळी स्वस्त आहे आणि लागण झालेल्या मुलाला ती द्यायलाच हवी, याबद्दल वाद नाही.

हे अमेरिकेतले जुनेपुराणे प्रकरण आहे असे मात्र समजू नका. मातीतून पसरणाऱ्या कृमींची लागण जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. तुमच्या शाळेतही ती मिळत असेल. ती चावून खा, आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या संडासापर्यंत जाऊन या. दाराला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, आणि पहिलीतली मुले तेथे जातात की कुंपणापलीकडे, हे वहीत लिहून ठेवा.