पाणी अडतं ते पाइपात



उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे एकच विचारणा सुरू होते. "साहेब, तीनच्या मोटारीनं पाणी पुरत नाही, पाचची घ्यावी म्हणतो." मागल्या उन्हाळ्यात एका घरी तर दुभती म्हैस विकायची बोलणीही झाली होती. घरधनीण मात्र अडून बसली होती. तिचं म्हणणं एवढंच, "विहिरीत पाणी दिसतंय, मोटार नीट चालतीय, मग शेताच्या टोकाला धार बारीक का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही दोनशे लिटरचा ड्रम शेताच्या टोकाला ठेवला आणि घड्याळ लावलं. भरायला ७० सेकंद लागले. मग विहिरीच्या काठावर पाइपाचा जोड सोडून तोच ड्रम तिथं भरला, तर ३० सेकंदांत काठोकाठ! (असं तोंड मोकळं ठेवून मोटार फार वेळ चालवू नये, ती जास्त वीज ओढते.) पंप पाणी देत होता. ते अडत होतं तीनशे मीटर लांबीच्या ६३ मिलिमीटर पाइपात, ज्याला आपण दोन इंची म्हणतो.

पंपाला दोन कामं असतात. एक, पाणी वर चढवायचं. दुसरं, पाइपाच्या आतल्या घर्षणाशी झगडायचं. हे घर्षणही उंचीतच मोजतात. त्या घरी उन्हाळ्यातली पाण्याची पातळी जमिनीखाली ११ मीटर होती आणि शेताचं टोक विहिरीपेक्षा ३ मीटर उंच. म्हणजे खरी चढण १४ मीटर. त्यांना पाणी हवं होतं सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ हजार. एवढं पाणी तीनशे मीटर ६३ च्या पाइपातून ढकलायचं तर घर्षणच सुमारे २० मीटर होतं, चढणीहूनही जास्त! तेच पाणी ७५ मिलिमीटरच्या पाइपातून नेलं तर घर्षण ८ मीटर, आणि ९० च्या पाइपातून जेमतेम ३ मीटर. व्यास दीडपट केला की घर्षण सहा-सात पटींनी उतरतं.

आता हिशेब करा. सेकंदाचे लिटर गुणिले एकूण उंचीचे मीटर, भागिले ७५, एवढी हॉर्सपॉवर नुसत्या पाण्याला लागते. पंप आणि मोटार यांत बरीच शक्ती वाया जाते, म्हणून ती साधारण दुप्पट धरावी. जुन्या पाइपावर चढण, घर्षण आणि वळणं मिळून ३६ मीटर होतात. पाच गुणिले छत्तीस भागिले पंचाहत्तर म्हणजे २.४, दुप्पट केले की पाचची मोटार आली. ९० च्या पाइपावर एकूण १८ मीटर, म्हणजे १.२, दुप्पट २.४. घरातली तीनची मोटार पुरली!

म्हैस राहिली. पाइपाला पैसे लागले, नाही असं नाही, पण ते हप्त्यांत भागले. नवा पाइप पडल्यावर टोकाचा ड्रम ४१ सेकंदांत भरला. जुना पाइप गोठ्याकडे आणि परसबागेकडे वळवला.

जास्तीची मोटार घेतली तर बिघडतं काय, असं कुणी विचारील. २०२४ साली राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आली, तेव्हापासून तर हे फारच ऐकू येतं. पण विहिरीलाही विचारा. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. उपसा थांबवल्यावर तासाला अर्धा मीटर पाणी चढत असेल, तर तिची आवक १४ हजारांची. मोठा पंप ते लवकर उपसून कोरडा फिरेल आणि रात्रीची दारं धरणारा माणूस अंधारात वाट बघत बसेल. शिवाय जास्त उंचीसाठी बनवलेला पंप कमी उंचीवर बसवला तर तो जादा पाणी फेकतो, मोटारीवर बोजा येतो आणि वायंडिंग जळतं. मिस्त्रीला "किती हॉर्सपॉवरची?" एवढंच विचारू नका. पंपाच्या पट्टीवर किती मीटरला किती लिटर लिहिलंय, ते वाचून घ्या.

सक्शनचं थोडक्यात सांगतो. पाण्यापासून पंप ६ मीटरपेक्षा उंच बसवू नये. विहीर खोल असेल तर आत कठडा बांधून पंप खाली घ्यावा. सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा ठेवावा आणि सांध्यातून हवा शिरू देऊ नये. काटकोनी एल्बोपेक्षा गोलाईचा बेंड बरा. फुटव्हॉल्व्हची जाळी वर्षातून एकदा तरी काढून घासावी. शेवाळानं भरलेल्या जाळीपायी नवी मोटार आणलेली घरं मी पाहिली आहेत.

मोटार बदलायचा विचार असेल तर आमच्याकडे येताना एका कागदावर एवढं लिहून आणा: उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, शेताच्या टोकाची चढण, पाइपाची लांबी आणि माप, दोन्ही जागी ड्रम भरायला लागलेले सेकंद. मुलांना घड्याळ धरायला सांगा, त्यांना ते आवडतं.