पूजा वाहनाची, सावधानता सारथ्याची

आज विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांतील हा एक पूर्ण मुहूर्त. पाथरीच्या घराघरांपुढे आज सकाळपासून वाहने धुऊनपुसून उभी राहतील. झेंडूच्या माळा चढतील, कुंकवाचे स्वस्तिक उमटेल, नारळ वाढवला जाईल आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी चार हात पुढे घेतली जाईल. मग कोणी सीमोल्लंघनाला, कोणी लेकीच्या गावी सोने द्यायला, तर कोणी थेट शिर्डीच्या वाटेला निघेल. साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्याच्याच दिवशी, देह ठेवला. ज्या पाथरीला अनेक भक्त त्यांचे जन्मस्थान मानतात, तेथून त्यांच्या समाधीकडे जाणारी वाट आजच्या दिवशी ओस कशी राहील?

या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु माळ घालून झाल्यावर आणि प्रवासाला निघण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढी विनंती करण्यासाठी आजचे हे चार शब्द.

शस्त्रपूजेचा अर्थ केवळ गंधफूल वाहणे एवढाच नव्हे. अज्ञातवास संपत आला तेव्हा शमीवृक्षावरून शस्त्रे उतरवताना बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने राजपुत्र उत्तराला एकेका धनुष्याची आणि खड्गाची ओळख करून दिली, अशी कथा विराटपर्वात आहे. रथ हाकण्यापूर्वी शस्त्राची ओळख, हा तिथला क्रम आहे. उलट अश्वत्थाम्याची गोष्ट पाहा. ब्रह्मास्त्र सोडण्याची विद्या त्याला होती, मागे घेण्याची नव्हती. त्या अर्ध्या विद्येने केवढा अनर्थ ओढवला, हे प्रत्येक मराठी घरातील मुलाला ठाऊक आहे.

आजची मोटार हे असेच एक सामर्थ्यशाली साधन आहे. अँबॅसेडर आणि फियाट यांच्या काळात चालकाला गाडीचा प्रत्येक आवाज ओळखता येई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहिली. आता त्याच दारात येणाऱ्या गाड्यांत एअरबॅग आहेत, एबीएस आहे, क्रूझ कंट्रोल आहे, कॅमेरे आणि रडार आहेत. मात्र गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका आपल्यापैकी किती जणांनी उघडली? फडक्यात गुंडाळलेल्या आणि कधीच न वाचलेल्या पोथीसारखी ती डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असते. आम्हांला वाटते, आजच्या पूजेत त्या पुस्तिकेलाही मान द्यावा आणि तिची काही पाने खरोखर वाचावी.

आरंभ सीटबेल्टपासून करू. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने छाती आणि कंबर दोन्ही धरून ठेवणारा पट्टा सिद्ध केला, आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. विद्यादानाचेच हे एक रूप. परंतु आपल्याकडे पट्ट्याची सूचना देणारी घंटा बंद करण्यासाठी खोट्या क्लिपा विकल्या जाऊ लागल्या. अखेर मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती विक्री थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. हे आकडे वाचताना प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, हे विसरू नये.

पुष्कळांचा असा समज आहे की, एअरबॅग असल्यावर पट्ट्याची गरज नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदारीण आहे, त्याची जागा घेणारी नव्हे. पापणी लवायच्या आत ती प्रचंड वेगाने फुगते. पट्टा नसलेला देह पुढे फेकला गेला, तर तिचाच आघात घातक ठरू शकतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. गाडी आधुनिक होती, एअरबॅग होत्या. तरी मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते आणि ते दोघेही गेले; पुढचे दोघे बचावले. मागच्या आसनावर पट्टा कशाला, या प्रश्नाचे याहून दुःखद उत्तर कोणते असेल? मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पट्टा न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने बांधावा, असे हे बंधन नव्हे. राखी आणि करगोटा आपण रक्षणासाठीच बांधतो ना? तोच भाव या पट्ट्याविषयी असावा.

माताभगिनींना आमचे विशेष सांगणे आहे. लहान बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसणे ही माया नव्हे. आईच्या हातांत कितीही बळ असले, तरी धडकेच्या क्षणी ते बाळाला धरून ठेवू शकत नाही, आणि समोरून फुगणारी एअरबॅग त्या कोवळ्या जिवावरच आदळते. बाळाला मागच्या आसनावर, त्याच्यासाठी केलेल्या खास आसनातच बसवावे.

आता एक नाजूक विषय. डॅशबोर्डवर गणपतीची, साईबाबांची किंवा कुलदेवतेची मूर्ती ठेवण्याची आपली रीत आहे. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये बहुधा पुढच्या प्रवाशाची एअरबॅग दडलेली असते. तिच्या झाकणावर ठेवलेली मूर्ती धडकेच्या वेळी दगडासारखी भिरकावली जाते. देवाने रक्षण करावे म्हणून मूर्ती बसवायची आणि तिच्यामुळेच कोणाचा डोळा जायचा, हे देवालाही रुचणार नाही. मूर्ती लहान असावी, घट्ट बसवलेली असावी, आणि झाकणापासून व चालकाच्या दृष्टीपासून दूर असावी. पुष्कळ गाड्यांत आसनाच्या कडेलाही एअरबॅग असते. तेथे जाड, घट्ट खोळ चढवली तर ती उघडायला अडते.

माळेचेही तसेच आहे. अलीकडच्या काही गाड्या पुढचे वाहन ओळखून वेग कमी करतात, प्रसंगी स्वतः ब्रेक लावतात. त्यांचे डोळे म्हणजे काचेच्या वरच्या भागातील कॅमेरा आणि पुढच्या जाळीमागील रडार. या डोळ्यांवर जाड माळ लोंबली किंवा हळदकुंकू फासले गेले, की गाडी आंधळी होते. चालक मात्र तिच्या भरवशावर निश्चिंत असतो. म्हणून पूजा करावी, आरती ओवाळावी; पण प्रवासाला निघताना माळ उतरवून देवघरात न्यावी आणि काच स्वच्छ पुसावी. निर्माल्य वेळेवर उतरवणे हाही पूजेचाच भाग आहे.

हे यांत्रिक डोळे उघडे असले, तरी सर्वज्ञ नव्हेत. पाथरीहून माजलगावकडे, मानवतकडे, सेलूकडे किंवा सोनपेठकडे जा. या दिवसांत रस्ता कसा असतो, ते आपण जाणतो. कोठे कडेला सोयाबीन वाळत घातलेले, कोठे गुरे घरी परतत असलेली. थोड्याच दिवसांत उसाच्या बैलगाड्या आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्याही त्यात भर घालतील. अंधारातील बैलगाडी, आडवे आलेले जनावर किंवा रस्त्यात उभी असलेली ट्रॉली यंत्राला ओळखता येईलच असे नाही. मार्गिका सांभाळणाऱ्या यंत्राला तर रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा लागतात. जेथे त्या पुसल्या गेल्या आहेत, तेथे ते काय पाहणार?

एबीएसचा उपयोगही समजून घ्यावा. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली धडधड जाणवते. ती बिघाडाची नव्हे, यंत्र काम करीत असल्याची खूण आहे. अशा वेळी पाय उचलू नये, ब्रेक दाबून धरावा आणि स्टेअरिंगने गाडी वाचवावी. परंतु खडी, वाळू किंवा पसरलेले दाणे यांवर एबीएस असतानाही गाडी थांबायला अधिक अंतर लागू शकते. तेथे वेग आधीच कमी करणे, हाच उपाय.

शिर्डीला निघालेली पुष्कळ मंडळी जालन्याजवळ समृद्धी महामार्गाला लागतात. जून २०२५ मध्ये हा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्णपणे खुला झाला. मोकळा, सरळ रस्ता पाहून क्रूझ कंट्रोल लावण्याचा मोह होतो. साधे क्रूझ कंट्रोल केवळ वेग राखते. पुढे कोण आहे, हे ते पाहत नाही. पावसात, गर्दीत, वळणावर ते लावू नये, आणि ब्रेकला पाय लावताच ते सुटते, याची खात्री आधीच करून घ्यावी. लावता येते पण सोडता येत नाही, अशी अश्वत्थाम्याची गत आपली होऊ नये.

शेवटचा विषय समोरच्या पडद्याचा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना गाणे बदलण्यासाठी दोन सेकंद नजर खाली गेली, तर गाडी ४४ मीटर आंधळेपणाने धावते. कठोपनिषदाने देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. ज्याचे मनच पडद्यावर, त्याच्या हाती लगाम कोणता? मार्गदर्शक नकाशा निघण्यापूर्वी लावावा, फोन शेजारच्या माणसाकडे द्यावा, आणि तो एकटाच असेल तर गाडी थांबवून बोलावे.

साईबाबांनी श्रद्धा आणि सबुरी या दोन गोष्टी मागितल्या. श्रद्धा आपण आज माळेतून आणि नारळातून व्यक्त केलीच आहे. सबुरी मात्र रस्त्यावर दाखवायची आहे. कुरुक्षेत्रावर प्रत्यक्ष भगवंतांनी लगाम हाती घेतला होता. त्यांनीही घोड्यांवरून लक्ष ढळू दिले नाही. मग आपण यंत्रावर सारा भार टाकून कसे निश्चिंत व्हावे? आज सोने लुटण्यास निघालेले प्रत्येक वाहन तिन्हीसांजेला सुखरूप दारी परत यावे, आणि दारात वाट पाहणाऱ्या मातेच्या हातचे औक्षण त्यातील प्रत्येकाला लाभावे, हीच आजच्या शुभदिनी आमची प्रार्थना.