वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संशोधनवर्षाच्या खर्चाविषयी निवेदन

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी एक वर्षाची मुभा व त्या वर्षाचे विद्यावेतन मिळणेबाबत.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यापुढील एक वर्षाची आंतरवासिता यांच्या ओघात कोठेतरी वर्षभर थांबून एकाच प्रश्नाचा छडा लावावा, अशी उमेद बाळगणारे विद्यार्थी आमच्या महाविद्यालयांत आहेत. परंतु त्या वर्षाचा खर्च कोणी सोसावा याचा निर्णय सर्वस्वी त्यांच्यावरच सोपविला गेला असल्यामुळे, विषय ठरण्यापूर्वीच पैशाची वाट ठरते आणि पुढे त्या वाटेनेच विषय ठरतो. या उलट्या क्रमाकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे निवेदन आहे.

घरचा पैसा ही वाट ज्यांच्या घरी तो आहे त्यांच्यापुरतीच खुली. गडचिरोली किंवा नंदुरबारहून शैक्षणिक कर्जाच्या आधारावर आलेल्या मुलाने आणखी एक वर्ष मिळकतीविना काढावे आणि व्याजाचा आकडा मुकाट्याने वाढू द्यावा, असे म्हणणे म्हणजे संशोधनाची पात्रता सातबाऱ्यावरून ठरविणे होय.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती देत आली आहे. संशोधनाची पहिली गोडी अनेकांना तिनेच लावली, हे आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. तथापि तिची मुदत दोन महिन्यांची, आणि रक्कम हाती पडते ती अहवाल मान्य झाल्यानंतर. रुग्णांची संमती घेणे, नोंदी जमविणे, त्या ताडून पाहणे हे सारे दोन महिन्यांत उरकावे लागते, आणि उरकलेल्या कामाचे मोल आपण जाणताच. शिवाय सर्पदंशाचे रुग्ण पावसाळ्यात अधिक येतात; ऋतूंबरोबर चढउतार होणाऱ्या व्याधीचा अभ्यास ऋतुचक्र पुरे झाल्यावाचून कसा व्हावा?

उरली औषध कंपन्यांची वाट. ती सोयीची आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि कंपनीच्या पैशावर झालेले प्रत्येक काम कलुषित असते असेही आमचे म्हणणे नाही. परंतु कंपनी आपल्या भागधारकांना उत्तरदायी असते आणि जे विकले जाईल त्याच्याच अभ्यासाला ती हात देणार, हा तिचा दोष नसून धर्म आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांचे चिकाटीने निरीक्षण केले, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे जुने, स्वस्त औषध त्या विषाच्या हृदयावरील परिणामांवर गुणकारी ठरते, हे दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खेड्यातील शेतकऱ्याला डसणारा विंचू आणि स्वस्तातले औषध यांच्या अभ्यासात कोणत्या कंपनीने आपली रक्कम गुंतविली असती? यावर कोणी म्हणेल की, त्यांना अनुदान कोठे होते? असा प्रश्न करणाऱ्यांनी असामान्य माणसाच्या जिद्दीवर राज्याचे धोरण उभारू नये, एवढेच आमचे नम्र उत्तर आहे. सिकलसेल, सिलिकोसिस, सर्पदंश हे सारे प्रश्न आपल्याच जिल्ह्यांतील असून ते बाजाराच्या मर्जीवर सोडणे योग्य होणार नाही.

विद्यार्थिदशा ही शोधाला फार लवकरची, असाही आक्षेप ऐकू येतो. लँगरहान्स याने स्वादुपिंडातील पेशीपुंजांचे वर्णन १८६९ मध्ये केले तेव्हा तो विद्यार्थीच होता, आणि हेपरिनच्या शोधाचा आरंभ १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधील मॅक्लीन नामक दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातून झाला. प्रत्येक विद्यार्थी लँगरहान्स होणार नाही हे उघड आहे; तसा दावा आम्ही करीतही नाही.

सबब आमची मुख्य मागणी अशी की, राज्याच्या अर्थसंकल्पात या कामासाठी स्वतंत्र शीर्षाखाली तरतूद करून निवडलेल्या विद्यार्थ्यांना बारा महिने, दरमहा व आगाऊ, विद्यावेतन देण्यात यावे. त्याची रक्कम आंतरवासितेतील विद्यावेतनाहून कमी नसावी, कारण त्याहून कमी रकमेत वसतिगृह व खानावळ भागत नाही. निवड विषयाच्या गुणावर व्हावी आणि विषय व मार्गदर्शक ठरविण्याची मोकळीक विद्यार्थ्याला असावी. एखाद्या कंपनीस देणगी द्यावयाची असल्यास तिने ती सामाईक निधीत भरावी. कोणाला किती मिळावे यात तिचा शब्द चालू नये.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार पदवीचा अभ्यासक्रम प्रवेशापासून ९ वर्षांच्या आत पुरा करावयाचा असल्याने एक वर्षाची ही मुभा त्या मर्यादेत सहज सामावते. मात्र हे वर्ष गैरहजेरी म्हणून दप्तरी पडू नये, यासाठी संबंधितांशी लेखी पत्रव्यवहार व्हावा. पदवीनंतरच्या बंधपत्रित सेवेतून सूट आम्हांला नको. ग्रामीण रुग्णाचा हक्क आधीचा आहे. ती सेवा एक वर्ष पुढे ढकलली जावी आणि तेवढ्या कारणासाठी दंडाची आकारणी होऊ नये, इतकीच अपेक्षा.

पुढील प्रवेशवर्ष सुरू होण्यापूर्वी या तजविजीस तत्त्वतः मंजुरी देऊन, अंमलबजावणीचा तपशील ठरविण्यासाठी विद्यार्थी व अध्यापक या दोहोंचे प्रतिनिधी असलेली समिती नेमावी, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांचे काही विद्यार्थी व अध्यापक