सावळा चेहरा आणि अंधारा चेहरा

मंडळी, ब्राइटनेसची पट्टी शंभरावर ठेवून फोटो एडिट करणं म्हणजे डोळ्यांवर दिवा धरून दूध मापणं. माझं हे ठाम मत आहे. कोणाला राग आला तर येवो.

बीडजवळच्या पालीला, बिंदुसरा धरणाच्या काठावर काढलेला आजोबांचा एक फोटो आहे. मोबाइलवर झकास, ऑफिसच्या लॅपटॉपवर फिकट आणि प्रिंटमध्ये चेहरा पार बुडालेला. फाइल मात्र तीच! आकडे तेच असतात, पण प्रत्येक पडदा ते आपल्या मनाने दाखवतो. याच भानगडीसाठी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे प्रमाण मांडलं. पण आपणच पट्टी ढकलून बसलो तर प्रमाण बिचारं काय करणार?

खरी गोम अशी की कागद स्वतः उजळत नाही. चांगल्या उजळ ऑफिसात, म्हणजे साधारण ५०० लक्सला, पांढऱ्या कागदाची चमक जेमतेम १४० कॅन्डेला प्रति चौरस मीटर भरते. घरच्या ट्यूबलाइटखाली त्याच्या निम्मीही नाही. मॉनिटर मात्र सहज २५०-३०० वर पेटलेला! त्यावर चेहरा पुरेसा उजळ वाटतो, म्हणून आपण तो वाढवत नाही. आणि मग शिव्या लॅबवाल्याला.

कॅलिब्रेटर असेल तर १०० ते १२० कॅन्डेला, गॅमा २.२, पांढरा ६५०० केल्विन. (चार मित्रांत मिळून एक घ्या, रोज कोण वापरतंय?) नसेल तर पडद्यावर कोरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. अगदी शास्त्रशुद्ध नाही, पण चालतं.

आता दुसरं टोक. लॅबमध्ये 'ऑटो करेक्शन' चालू असतं, वर कोणीतरी प्रेमाने विचारतं, "थोडं गोरं करू का?" कोडॅकच्या 'शर्ली कार्डा'वरच्या गोऱ्या बाईच्या कातडीवरून लॅबवाले कित्येक वर्षं रंग जुळवत होते, त्याचाच हा देशी अवतार. मराठवाड्याच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसाचा रंग ही काही दुरुस्त करायची चूक नाही. सावळा आणि अंधारा यात फरक आहे राव! आणि आमच्याकडे भिंतीवर माणसाचा बहुतेक एकच फोटो लागतो, तोही तो गेल्यावर. तेव्हा त्याला विचारायची सोय नसते.

म्हणून ऑर्डर देताना 'करेक्शन नको' असं स्पष्ट लिहून द्या. मोठी प्रिंट काढण्याआधी चार बाय सहाची एक काढा आणि ती लागणार त्याच भिंतीशी धरून बघा. दिवसा एकदा, आणि रात्री ट्यूब लावून एकदा.